घरासकट फिरणारे आमचे घरमालक

खामगावातून हौसेखातर घराबाहेर पडलेली माणसं आजवर पुष्कळ झाली असतील. पण घर घेऊन घराबाहेर पडणारा माणूस एकच झाला, आणि तो म्हणजे आमचे घरमालक. एरवी मी कुठलंही विधान ठामपणे करणारा मुलगा नाही. वर्गात प्राध्यापकांनी नुसतं नाव विचारलं तरी मी आधी घसा साफ करतो. पण या एका बाबतीत कोणीही मला आव्हान द्यावं. शनिवारी दुपारी कॉलेज सुटलं की मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राही आणि त्याच वेळी गल्लीतून सबंध एक घर, खिडक्या-पडद्यांसकट, उलट्या पावलांनी बाहेर येताना दिसे. त्याच्या मागच्या दारात आमचे घरमालक, म्हणजे काका, तोंडात शिट्टी धरून उभे असत. ही काही एखाद्या जत्रेची गोष्ट नव्हे. दर शनिवारी हे असंच व्हायचं, आणि रविवारी दिवे लागायच्या सुमाराला ते घर पुन्हा गल्लीत शिरायचं.

काका रस्ते खात्यात ओव्हरसिअर होते. सारी नोकरी तंबूत, डाकबंगल्यात आणि लोकांच्या पडवीत काढली. निवृत्त झाल्यावर स्वतःच्या घरात त्यांना झोप येईना. काकू म्हणत, "यायले भिंती चावतात हो!" शेवटी काकांनी उपाय शोधला. बंद पडलेल्या एका जिनिंग फॅक्टरीच्या आवारात कापसाच्या गाठी वाहायची लोखंडी ट्रॉली गंजत पडली होती. ती इतकी लांब होती की भंगारवाल्यानंही तिच्याकडे पाहून हात जोडले होते. काकांनी ती आणली, तिच्यावर सागाच्या फळ्यांच्या भिंती उभ्या केल्या, वर पत्रा घातला आणि पाडलेल्या एका डाकबंगल्याच्या हिरव्या खिडक्या बसवल्या. एवढी लांब कशाला, असं विचारणाऱ्याला ते तयार उत्तर देत. त्यांनी सगळ्या कुटुंबाला अंगणात ओळीनं शेजारी शेजारी निजवून खडूनं रेघा मारून घेतल्या होत्या. आधी ते आणि काकू, मग आडवी फळी, मग थोरला मुलगा आणि सून, पुन्हा फळी, मग धाकटा आणि त्याची बायको, मग नातवंडं, मग एखादा पाहुणा आला तर त्याची जागा, आणि पाहुण्याबरोबर कोणी आला तर त्याचीही. अशी माणसं जोडत जोडत ट्रॉली भरली तेव्हा काकांना वाटलं की एवढी लांबी जेमतेमच आहे. गल्ली तिला 'आगगाडी' म्हणायची. काका मात्र 'फिरतं घर' या शब्दांवर अडून होते.

ट्रॉली ओढायला काकूंच्या भावाचा ट्रॅक्टर होता. या मामांची शेती मोठी. ट्रॅक्टर त्या भागात पहिला आला तो त्यांच्याकडे, आणि बहिणीच्या हौसेसाठी दर शनिवारी ते स्वतः तो घेऊन येत. मागं वळून पाहणं मामांच्या स्वभावात नव्हतं. म्हणून काकांनी शिट्टीची भाषा ठरवली होती: एक शिट्टी म्हणजे थांब, दोन म्हणजे मागं, लांबलचक म्हणजे येऊ दे. ट्रॅक्टरच्या आवाजात मामांना त्यातली एकही ऐकू येत नसे. पण बाकी सगळी गल्ली ती भाषा शिकली होती. शिट्टी वाजली की सायकलवाले थांबत, शिंपी आपली पायरीवरची मशीन उचलून आत घेई आणि गल्लीत टाकलेल्या खाटा उचलत बायका ओरडत, "उचला वं बाजा, बिऱ्हाड निघालं!" एकदा बोथ्याच्या घाटात अशी वेळ आली की ट्रॅक्टर एका वळणावर पोचला होता आणि ट्रॉलीचं बूड अजून मागच्या वळणावर होतं. समोरच्या एस.टी.च्या ड्रायव्हरनं खाली उतरून शांतपणे विचारलं, "काका, अजून किती डबे हायेत?" काकांनी त्याच्याशी त्यानंतर पुष्कळ दिवस बोलणं टाकलं होतं, त्याच्या गाडीत बसणंही टाकलं होतं.

गावोगावच्या लोकांना हे काय प्रकरण आहे ते सांगून पटत नसे. माणसं काम नसताना, यात्रा नसताना, सोयरीक नसताना गावाबाहेर येऊन राहतात, यावर कोणी कसा विश्वास ठेवावा? एका गावात टुरिंग टॉकीज आली म्हणून पोरं-बायका चादरी घेऊन समोर येऊन बसली आणि पडदा कधी उघडतो याची वाट पाहू लागली. पडदा उघडला तेव्हा आत धाकट्या सूनबाई कांदा चिरत होत्या. लोकांनी तेही बराच वेळ पाहिलं. दुसऱ्या एका गावात देवी टोचायची गाडी समजून सगळी पोरं पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेतात पळाली, ती रविवारी ट्रॉली निघेपर्यंत बाहेर आली नाहीत. धाड गावच्या बाजारात एका म्हाताऱ्यानं काकांना हात जोडून सांगितलं होतं, "साहेब, मत तुमालेच देतो, पन एवढं घर घेऊन फिरू नोका, जीव दुखते."

काकांचा एक नियम होता आणि तो ट्रॉलीच्या कण्याइतकाच पक्का होता. ज्या गावाला जायचं त्या गावाला काडीचाही त्रास द्यायचा नाही. नोकरीत असताना एका थंडीत ते कुणाच्या तरी पडवीत मुक्कामाला राहिले होते. घरच्यांनी त्यांना गोधडी दिली. पहाटे उठून पाहतात तो घरधनी शेकोटीशी गुडघे पोटाशी घेऊन बसलेला; घरात गोधडीच एक. तेव्हापासून काकांच्या मनानं घेतलं की पाहुण्यानं आपलं घर आपल्याबरोबर आणावं. म्हणून ट्रॉलीत पिण्याच्या पाण्याचा ड्रम होता, स्टोव्ह होता, पीठ-मीठ होतं, सरपण होतं, इतकंच काय, बसायला येणाऱ्या गावकऱ्यांसाठी सुपारीसुद्धा होती. कोणी प्रेमानं चहा आणला, दूध आणलं, की काका तळहात पुढं करून म्हणत, "राहू द्या, आमचं सगळं हाये." हे वाक्य ते इतक्या अभिमानानं म्हणत की समोरच्याला आपला चहा परत नेतानाही काहीतरी मिळाल्यासारखं वाटे.

नियमाच्या जोडीला एक अडचण होती आणि ती काकूंकडून आलेली होती. उत्तरेला डोकं करून फक्त मेलेल्या माणसाला ठेवतात, हे आपल्याकडं कोणाला सांगावं लागत नाही. काकांच्या ट्रॉलीत सगळ्यांची डोकी उजव्या बाजूला येत, कारण त्या बाजूला त्यांनी लाकडी उशा खिळ्यांनी ठोकून बसवल्या होत्या. डाकबंगल्यातल्या उशा चोरीला जातात हा त्यांचा जन्मभराचा अनुभव! परिणाम असा की ट्रॉली पश्चिमेकडं तोंड करून थांबली की साऱ्या कुटुंबाची डोकी बरोब्बर उत्तरेला. काकू खाली उतरून सूर्याकडं पाहत, मग ट्रॉलीकडं पाहत, आणि कमरेवर हात ठेवून म्हणत, "मी काई इतक्यात मराले बसली नाई. फिरवा." मग ती आगगाडी शेतातल्या शेतात फिरवण्याचा सोहळा सुरू होई. ट्रॅक्टर सोडून मागच्या बाजूला लावायचा, दगड लावायचे, आणि गावातली पंधरावीस माणसं बोलावून "हो हो हो" करत ट्रॉलीचं बूड सरकवायचं. मी एकदा धीर करून म्हटलं, "काका, उशा सुट्या केल्या तर?" काकांनी माझ्याकडं दयेनं पाहिलं. म्हणाले, "तू बी.ए.ले हायेस नं? मंग असू दे."

आता मी या सगळ्यात कसा आलो ते सांगतो. वडनेर भोलजीच्या पलीकडं, नाल्याच्या काठी आमचं गाव आहे. आमच्या घरात मॅट्रिक झालेला मी पहिला, त्यामुळं कॉलेजला जाणारा तर पहिलाच. खोली मागायला मी काकांकडं गेलो तेव्हा ते ओट्यावर कसलासा नकाशा काढत बसले होते. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि पुढं होऊन हेही सांगितलं की आम्ही बौद्ध आहोत. हे आधीच सांगून टाकायचं असं बाबांनी मला बजावलं होतं; मागाहून कळून घराबाहेर निघण्यापेक्षा ते बरं. काका नकाशावरून मान वर न करता म्हणाले, "नळ सकाळीच येते. उठला नाई तं पानी भेटत नाई." त्यांनी माझं ऐकलं होतं की नव्हतं, ते मला कळलं नाही. पुन्हा सांगायचा धीरही झाला नाही. मी खोलीत राहू लागलो. माझी भाकर मी भाजत असे. सणावारी काकू काहीबाही आणून माझ्या दारातल्या कोनाड्यात ठेवत. पण त्यांच्या स्वयंपाकघरात बसून मी कधी जेवलो नव्हतो आणि त्यांनी माझ्याकडचं कधी काही खाल्लं नव्हतं. तसा प्रसंगच आला नव्हता, असं मी मनाशी म्हणत असे.

तो प्रसंग काकांनीच काढला. दिवाळीनंतर एकदा त्यांनी जाहीर केलं, "येत्या शनवारी आपन तुया गावाले जाऊन राह्यलो." मी घरी निरोप धाडला. शुक्रवारी बाजाराच्या निमित्तानं बाबा खामगावला आले ते थेट माझ्या खोलीवर. म्हणाले, "त्यायले सांगतलं हायेस नं, आपन कोन ते?"

"सांगितलंय. पण ऐकलं की नाही ते…"

"म्हंजे?" बाबा खाटेवर बसले. मग हळूच म्हणाले, "तुया मायनं घर सारवलं. उसनी ताटं आनली. तिले वाटते साहेब आपल्या घरी जेवतीन. पाह्य बापा. तिचं तोंड उतरलं तं मले पाहवनार नाई."

शनिवारी आम्ही निघालो. सारा रस्ता पश्चिमेचा. काका मला वाटेतले पूल दाखवत होते, कोणत्या मोरीखाली कोणता दगड आहे ते सांगत होते. मला ऐकू काही येत नव्हतं. एवढी लांब ट्रॉली उभी करायला गावात एकच मोकळी जागा होती, ती आमच्या वस्तीपुढची. आम्ही तिथं थांबलो न थांबलो तोच पाटलांचा गडी धावत आला. "साहेब, इकडं कुठी थांबले? वाड्याम्होरं या, पाटलायनं बलावलं." काका म्हणाले, "आमी या पोराच्या घरी आलो." माझ्या छातीवरचं अर्धं ओझं तिथं उतरलं. तेवढ्यात काकूंनी खाली उतरून सूर्याकडं पाहिलं. ट्रॉली फिरवणं भाग होतं. आमच्या वस्तीतली सगळी तरणी माणसं हसत-खिदळत आली, खांदे लागले, 'हो हो हो' सुरू झालं. आगगाडी अर्धी वळली, आडवी झाली, आणि माणसं दम खायला थांबली.

तेवढ्यात माय आली. नवं लुगडं नेसून, घासून लख्ख केलेला पितळी तांब्या आणि वर पेला घेऊन. तिनं पाणी पुढं केलं. काकांनी सवयीनं तळहात पुढं केला आणि तेच अभिमानाचं हसू हसत म्हणाले, "राहू द्या बाई, आमचं सगळं हाये. पानीबी संगंच आनलं."

ट्रॉलीला टेकलेले खांदे खाली आले. बाबा काकांकडं पाहत नव्हते, माझ्याकडं पाहत होते. मायनं तांब्या खाली केला नाही. ती अगदी सावकाश म्हणाली, "बरं साहेब. मंग आमचंबी सगळं हाये." आणि वस्तीकडं वळून म्हणाली, "चाला रे. साहेबायजवळ सगळं हाये. ढकलनारेबी असतीन." ती घरात गेली. तिच्यामागं एकेक करून सगळे गेले. मैदानात काका, काकू, सुना, मुलं, मामा आणि आडवी ट्रॉली एवढंच उरलं.

काका खरोखरच गोंधळले. "काऊन गेले बे सगळे?" त्यांनी मामांना विचारलं. मामा पहिल्यांदाच मागं वळून पाहत होते. काकांनी आणि मुलांनी ट्रॉली ढकलून पाहिली. ती वीतभरही हलली नाही. काकू म्हणाल्या, "गावोगाव शंभर माणसं राबवता, अन् म्हनता आमी कोनाले तरास देत नाई! पानी नोको, चहा नोको, खांदे मात्र पाह्यजेत. लोकाचं घेनं तुमाले येतच नाई, घेतलेलं दिसतबी नाई." काका म्हणाले, "अवं, पन पानी राहू द्या म्हनलं यात…" आणि काकूंनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना कळलं होतं.

मग मला बोलावं लागलं. घसा साफ करायलाही वेळ नव्हता. मी म्हटलं, "काका, तुम्ही सगळीकडं हेच म्हणता, मला ठाऊक आहे. पण आमच्या घरचं पाणी लोकांनी आजवर याच शब्दांत परत पाठवलंय. ‘राहू द्या, आमचं आहे.’ मायनं हे पहिल्यांदा ऐकलं नाही." खोली गेली, असंच मला वाटलं.

काका ट्रॉलीच्या चाकावर बसले. मग उठले, टोपी नीट केली आणि आमच्या घराकडं चालू लागले. त्यांच्यामागं काकू, आणि मागं मी. दार लोटलेलं होतं. काकांनी कडी वाजवली. "वहिनी," ते म्हणाले, "मी खोटं बोललो. आमच्याजवळ सगळं नाई."

आतून माय म्हणाली, "काय नाई?"

काकांना हा प्रश्न अपेक्षित नव्हता. ते नकाशे काढणारे, खरं आणि नेमकं बोलणारे गृहस्थ. थोडा विचार करून म्हणाले, "मीठ नाई."

"मीठ हाये," काकू मागून म्हणाल्या. "दोन बरन्या हायेत."

दाराआड हसू फुटलं. ते मायचं होतं की बाबांचं, कोण जाणे. पण दार उघडलं. माय म्हणाली, "आधी पानी प्या. ढकलाचं मंग पाहू." काका उंबऱ्याच्या आत आले, जमिनीवर बसले आणि पेला भरून पाणी प्याले. मग दुसरा मागितला. काकूंनी तर विचारलंच नाही. पदर खोचून त्या सरळ चुलीपाशी मायच्या शेजारी जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "सर वं माय जराशी, भाकरी मी थापतो. तू किती पातय करतेस, यायले जाड लागते." माय म्हणाली, "आमच्या घरी आमच्या जाडीची भाकर भेटते." आणि दोघी त्यावर भांडू लागल्या, ते अंधार पडेपर्यंत. दुपारी माझ्या छातीवर उरलेलं अर्धं ओझं कधी उतरलं, ते मला कळलंसुद्धा नाही.

जेवणं झाल्यावर वस्ती पुन्हा बाहेर आली. खांदे लागले. शिट्टीची कोणाला गरज पडली नाही. बाबा पुढं होऊन ओरडत होते, "लावा जोर! साहेबाची डोकी उत्तरेले जाऊ देऊ नोका!" आणि काका त्या माणसांत घुसून स्वतः ढकलत होते. त्यांनी त्या वेळी किती जोर लावला, याबद्दल वस्तीत अजून मतभेद आहेत.

पुढं त्यांच्या नियमात थोडा बदल झाला. कुठल्याही गावात पोचलं की आधी कोणाच्या तरी दारात जाऊन पाणी मागायचं, मग ट्रॉली फिरवायला बोलवायचं. काका म्हणत, हा सुधारित नियम आहे. काकू म्हणत, ही अक्कल आहे. पण हल्ली ते फारसे निघत नाहीत. मामांच्या गुडघ्यांनी दावा मांडला आहे, आणि दुसऱ्या कोणाच्या हातात आपलं घर द्यायला काका तयार नाहीत. शनिवारी दुपारी गल्लीतल्या बायका अजून सवयीनं बाजा उचलायला उठतात आणि मग तशाच खाली बसतात.

आमच्या वस्तीत मात्र ट्रॉली पुन्हा येऊ शकली नाही. नाल्यावर नवी मोरी झाली आहे. ती अरुंद आहे आणि वळण फार आखूड. काका एकदा मुद्दाम जाऊन तिची रुंदी टेपनं मोजून आले आणि कोणी बांधली म्हणून शिव्या देत परतले. तेव्हापासून मी सुट्टी संपवून निघालो की माय एक गाठोडं बांधते. कधी त्यात वाळलेल्या बोरांची भुकटी, कधी मुगाच्या वड्या, कधी नुसत्या शेंगा. मी ते काकांना देतो. ते दोन्ही हातांनी घेतात आणि ‘राहू द्या’ म्हणत नाहीत. तिथंच ओट्यावर बसून गाठ सोडतात, वास घेतात आणि काकूंना हाक मारतात.

यंदा माझं शेवटचं वर्ष. निकाल लागला की नोकरी जिथं मिळेल तिथं जावं लागेल आणि खोली सोडावी लागेल. मग मायचं गाठोडं खामगावला कोण पोचवणार, हे तिनं मला अजून विचारलेलं नाही. मीही तो विषय काढत नाही. परवा निघताना तिनं नेहमीपेक्षा मोठी गाठ मारली आणि म्हणाली, "सांभाळून ने बापा. त्यायले उपाशी ठेवू नोको."